माडीवरचा जावई आणि नानांचा कान

४ जानेवारी

खोकं आलं. पोस्टमनने ते दुकानाच्या पायरीवर ठेवलं तेव्हा नाना नेमके केस कापायला गेले होते, नाहीतर माझी धडगत नव्हती. खोकं काखेत मारलं आणि मागच्या जिन्याने सरळ माडीवरच्या अडगळीच्या खोलीकडे निघालो. जिन्याच्या वळणावर बायकोने गाठलंच.

"काय आहे?"

"सुटे भाग."

"कशाचे?"

"कॉम्प्युटरचे." खोटं बोलायचा माझा पक्का विचार होता, पण हातात ओझं असलं की मला काही सुचत नाही.

ही चिडली नाही. "नानांना माहीत आहे?" एवढंच विचारलं. मी खोक्याआड तोंड लपवून वर गेलो.

नाना म्हणजे माझे वडील, आणि नाना म्हणजेच आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. मी नुसता हात, कान त्यांचा. मी दुरुस्त केलेला प्रत्येक रेडिओ ते स्वतः लावतात, डोळे मिटून ऐकतात. "जाऊ दे" म्हणाले तर रेडिओ दुकानाबाहेर जातो. "नाही" म्हणाले तर मालक दारात ताटकळत उभा असला तरी मी पुन्हा स्क्रू काढायचे. इतकी वर्षं हे असंच चाललंय.

गेल्या वर्षी मी स्वतःचं डोकं चालवून पंख्याचा रेग्युलेटर बनवला आणि खिडकीचा पडदा पेटवला. तेव्हा नानांनी माझ्याकडून शब्द घेतला, की यापुढे घरात प्रयोग नाहीत. मी तो शब्द पाळला. आज सकाळपर्यंत.

पण काय करू? परवापरवापर्यंत कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर कपाटं, थंडगार हवा आणि पांढरे कोट घातलेली माणसं. आता तोच जेवणाच्या ताटाएवढ्या पाटीवर मावतो आणि घरी बसून जोडता येतो, असं मासिकात चित्रासकट छापून आलं. असं चित्र बघून ज्याचा हात शिवशिवणार नाही, त्याने रेडिओ दुरुस्त करू नयेत.

१३ जानेवारी

दुपारी दुकान बंद असतं तेव्हा आणि दुकान उघडं असतं तेव्हाही, मी माडीवर. नानांना सांगितलंय की अडगळ आवरतोय. ते म्हणाले, "पहिल्यांदाच काहीतरी कामाचं करतोयस." मला जरा लागलं ते.

सोल्डरिंग करताना दोन बोटं भाजली आणि एक चिप उलटी बसवली. ती परत काढताना तिचा पाय मोडला. मी वीस वर्षांचा अनुभवी कारागीर आहे, असं दुकानाच्या पाटीवर लिहिलंय.

२१ जानेवारी

लागला! दिवे लागले!

याला टाइपरायटरसारख्या कळा नाहीत की टीव्हीसारखा पडदा नाही. पुढच्या बाजूला आठ खटके आणि आठ लाल दिवे. खटके वर-खाली करून एक आकडा भरायचा, बटण दाबायचं, मग पुढचा आकडा. असे आकडे भरत गेलं की त्याला करायचं काम कळतं. बंद केला की सगळं विसरतो, पुन्हा पहिल्यापासून शिकवा.

अर्धी सकाळ खटके पाडून मी त्याला दोन आणि तीनची बेरीज करायला लावली. पाच आले. मी आनंदाने ओरडलोच. ही धावत वर आली.

"काय झालं?"

"पाच!"

तिने दिव्यांकडे पाहिलं, मग माझ्या भाजलेल्या बोटांकडे. "तुमच्या बोटांवर लवकर झाले असते," म्हणाली.

जाता जाता तिने त्याचं नावही ठेवलं. घरातली एकुलती एक बरी खुर्ची त्याच्यापुढे, पंखा त्याच्या अंगावर, धूळ बसू नये म्हणून तिचा नवा टेबलक्लॉथ त्याच्या डोक्यावर, आणि काम मात्र काडीचं नाही. म्हणून जावई.

२५ जानेवारी

आज जावयाला नवं काम शिकवलं. पहिला दिवा लागतो, विझतो, मग दुसरा, असं करत आठव्यापर्यंत. मग जरा दम खातो आणि पुन्हा पहिल्यापासून. दिवा पळताना दिसतो. मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो. कामाचं काही नाही, पण छान वाटलं.

तेवढ्यात खालून नानांची हाक. मी बटण बंद केलं, टेबलक्लॉथ टाकला आणि खाली पळालो. नाना त्यांच्या मोठ्या व्हॉल्व्हच्या रेडिओसमोर बसले होते. तो त्यांनी माझ्या जन्माच्या आधी स्वतःच्या हाताने बनवलाय.

"खरखर येतेय," म्हणाले.

मी ऐकलं. स्वच्छ आवाज. "कुठे काय, नाना?"

त्यांनी कान पुढे केला, मागे केला. "आत्ता होती रे."

वय झालं त्यांचं, दुसरं काय! इकडे मी भरलेली सगळी आकडेमोड मात्र वाया गेली. वर जाऊन पुन्हा पहिल्यापासून खटके पाडत बसलो.

३० जानेवारी

आज माझी कॉलर जरा ताठ आहे. शेजारचा घड्याळवाला बोलवायला आला. त्याचं दुकान आमच्या भिंतीला भिंत लावून. त्याच्या रेडिओत सकाळपासून काहीतरी टरटरत होतं. मी जावयाला झोपवलं, पेचकस घेतला आणि गेलो. मागचं झाकण उघडलं, फुंकर मारली, एका तारेला हात लावला, बंद केलं. एकदम स्वच्छ!

"काय होतं?" त्याने विचारलं.

"सैल कनेक्शन," मी म्हणालो. खरं तर मला काहीच सैल दिसलं नव्हतं. पण गिऱ्हाइकाला काहीतरी सांगावं लागतं.

"हाताला गुण आहे हो तुमच्या," तो म्हणाला.

३ फेब्रुवारी

घड्याळवाल्याच्या वरच्या मजल्यावर शाळेच्या बाई राहतात. त्यांनी बोलावलं. मी जावयाला झोपवून गेलो, तर दारात पाऊल टाकेपर्यंत त्यांचा रेडिओ गप्प झालेला. म्हणजे खरखर गप्प झाली, गाणं चालू राहिलं. मी हात लावायच्या आधीच! बाईंचे डोळे विस्फारले. मी आपला मान डोलवून, असं होतं कधीकधी, अशा चेहऱ्याने चहा प्यायलो.

घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, "माझंही तेच म्हणणं आहे. तुम्ही माडीवर गेलात की माझा स्वयंपाकघरातला ट्रान्झिस्टर पिसाळतो, आणि तुम्ही खाली आलात की शांत होतो."

"म्हणजे माझ्या अंगातच काहीतरी आहे," मी म्हणालो.

"अंगात नाही," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता कौतुक करेल. पण ती कणीक मळायला लागली.

८ फेब्रुवारी

नानांचं काहीतरी बिनसलंय. कालपासून एका गिऱ्हाइकाचा रेडिओ अडकून पडलाय. मी दुरुस्त केला, माझ्या कानाने दोनदा ऐकला, नानांच्या हातात दिला आणि वर गेलो. जावयाला जरा चालू केलं असेल-नसेल तोच खालून, "नाही!" मी सगळं बंद करून खाली. आवाज उत्तम. नानांना म्हटलं, ठीक आहे. पुन्हा वर. पुन्हा "नाही!" गिऱ्हाईक दारात. तिसऱ्या वेळी मी जरा आवाज चढवूनच म्हणालो, "नाना, यात काही नाहीये. जाऊ द्या आता."

गिऱ्हाइकादेखत बोललो.  नानांनी रेडिओ त्याच्याकडे सरकवला आणि हात पुसत बसले, हात स्वच्छ असताना.

नंतर हळूच म्हणाले, "नुसती खरखर नाही रे ती. मोजून येते. आठ ठोके पडतात, थांबते, मग पुन्हा आठ. आत कुणीतरी मोजतंय असं वाटतं."

 माझे काका, म्हणजे नानांचे थोरले भाऊ, शेवटी शेवटी असंच काहीबाही ऐकायचे. भिंतीत कुणी बोलतंय म्हणायचे. नानांनीच त्यांचं सगळं केलं होतं, अगदी भरवण्यापर्यंत.

वर येऊन बसलो. मन रमेना. जावयाला चालू केलं. दिवा एक ते आठ पळताना बघितला की डोकं शांत होतं.

१२ फेब्रुवारी

नानांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काय काय यंत्रं लावली आणि म्हणाले, "या वयात असे कान मी पाहिलेले नाहीत. माझ्यापेक्षा चांगले आहेत." मी केवढा खूश! आता नाना खुलतील असं वाटलं.

येताना अर्ध्या रस्त्यात नाना थांबले. मग म्हणाले, "कान चांगले आहेत ना? म्हणजे डोकंच गेलं. दादाचं असंच सुरू झालं होतं."

"भलतंसलतं काय बोलता!"

"आज दुकानातले सगळे रेडिओ तूच ऐक. उद्याही तूच. मला आता भरवसा नाही."

 त्यांच्या हाताला धरून रस्ता ओलांडला. त्यांनी धरू दिला. आजवर कधी दिला नव्हता.

१५ फेब्रुवारी

नाना दुकानात येत नाहीत. आज त्यांनी त्यांच्या रेडिओवर चादर घातली. हिने विचारलं, "नाना, बातम्या?" म्हणाले, "नको. मला त्यात मोजलेलं ऐकू येतं. तुला येत नाही ना?"

ही माझ्याकडे बघायला लागली. नंतर स्वयंपाकघरात म्हणाली, "तुम्ही काहीतरी करा."

"मी काय करू? मी रेडिओवाला आहे, डोक्याचा डॉक्टर नाही."

"रेडिओवाले आहात ना," ती म्हणाली, "मग रेडिओवाल्यासारखं बघा की जरा." आणि भांडी आपटली. तिलाही नानांचं दुःख आहे, म्हणून चिडते बिचारी.

१६ फेब्रुवारी

आज काय लिहू, कसं लिहू. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटते, पण मग पेन कोण धरणार?

सकाळी वर गेलो तर हिचा स्वयंपाकघरातला ट्रान्झिस्टर अडगळीच्या खोलीत फळीवर, जावयाच्या अगदी शेजारी. कुणी ठेवला कोण जाणे. ही हल्ली वस्तू कुठेही ठेवते. चालूही होता, बारीक गाणं लागलं होतं. मी म्हटलं असू दे, आणि खटके पाडून दिव्यांचं काम भरलं, चालू केलं.

गाणं बुडालं. ट्रान्झिस्टर बोलायला लागला, टर्र, टर्र, टर्र. पहिला दिवा, दुसरा, तिसरा. आठव्या दिव्याला आठवा ठोका. दम. पुन्हा टर्र.

मी बटण बंद केलं. गाणं आलं. चालू केलं, आकडे पुन्हा भरले. मोजणी आली.

तिसऱ्यांदा बंद केलं. पुन्हा गाणं.

वीस वर्षं मी घरोघरी जाऊन सांगतोय, ताई, तुमच्या ट्यूबलाइटमुळे खरखर येते. काका, तुमची मिक्सरची मोटर बंद करा. कुणाच्या घरात काय चालू आहे ते मी दारातूनच ओळखतो. आणि माझ्याच माडीवर हा दिवटा उघड्या अंगाने बसून गल्लीभर बोंबलतोय, हे मला कळलं नाही. का, तर त्यात मोटर नाही, ठिणगी नाही. मला वाटलं, नुसता विचार करतो बिचारा, विचाराचा कुठे आवाज होतो?

माझ्या हाताचा गुण! शेजारी जाताना मीच घरातलं भूत झोपवून जायचो आणि वर त्यांचा चहा प्यायचो.

आणि नाना. नानांनी अगदी बरोबर ऐकलं होतं. ठोकासुद्धा चुकला नव्हता.

१७ फेब्रुवारी

सांगितलं नाही अजून. भ्याडपणाची कमाल आहे. सकाळभर मनात हिशेब मांडत बसलो, की हे यंत्र गुपचूप मोडून टाकलं तर खरखर आपोआप जाईल, नाना पुन्हा दुकानात येतील, आणि माझा मोडलेला शब्द, चोरून आणलेलं खोकं, सगळं पचेल.

दुपारी नानांना चहा द्यायला गेलो. ते खिडकीशी बसून स्वतःशीच पुटपुटत होते. जवळ गेलो तर ऐकू आलं, एक, दोन, तीन. आठपर्यंत. थांबले. पुन्हा एक. मला पाहून दचकले आणि म्हणाले, "काही नाही रे, आपलं बघत होतो, येतंय का अजून."

मी चहा त्यांच्या हातात दिला. खरखर गेली तरी त्यांच्या मनातली भीती जायची नाही. त्यांना वाटेल, आधी डोकं गेलं होतं, आता परत आलं, पुन्हा कधीही जाईल. उद्या सांगायचंच.

१८ फेब्रुवारी

सांगितलं.

जावयाला मी खाली आणला, भरदिवसा, दुकानातून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नेऊन नानांच्या खोलीत टेबलावर ठेवला. त्यांच्या रेडिओवरची चादर काढली. ही दारात येऊन उभी राहिली.

"हे काय?" नाना म्हणाले.

"कॉम्प्युटर आहे. मी बनवलाय. जानेवारीपासून माडीवर आहे." एवढं बोलून रेडिओ लावला आणि खटके पाडायला घेतले. हात इतका चुकत होता की दोनदा पहिल्यापासून भरावं लागलं. नाना खुर्ची पुढे ओढून बघत होते. मग चालू केलं.

टर्र, टर्र, टर्र.

नाना उठून उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले, रेडिओकडे कान नेला. ओठ हलत होते. आठाला थांबले. डोळे उघडून दिव्यांकडे पाहिलं, मग पुन्हा ऐकलं. मग बोटाने दिवे मोजले.

"हेच?"

"हेच, नाना."

"म्हणजे मी ऐकत होतो ते होतं."

"होतं. सगळं होतं. तुमचं काही चुकलं नाही, नाना, माझंच..."

 नाना माझ्याजवळ आले. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील. त्यांनी माझा कान धरला आणि पिळला. हळूबिळू नाही, चांगला पिळला. या वयात, बायकोसमोर, माझ्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तेवढ्यात पाहिलं तर त्यांचेही डोळे भरले होते, आणि त्यांचा तर कान कुणी धरला नव्हता.

"मेल्या, मी दादासारखा मरणार असं वाटत होतं मला," ते म्हणाले. कान सोडला नाही.

ही पदराने डोळे पुसत होती आणि हसतही होती. मी तिला विचारलं, "तुझा ट्रान्झिस्टर माडीवर कसा गेला होता गं?" तर म्हणाली, "विसरून राहिला असेल." बरं झालं विसरली. तिचा हा विसरभोळेपणा कधीकधी कामाला येतो.

२० फेब्रुवारी

घड्याळवाल्याकडे आणि शाळेच्या बाईंकडे जाऊन कबुली दिली. घड्याळवाला पोट धरून हसला आणि गल्लीत सगळ्यांना सांगत सुटला. बाईंचा मात्र विश्वास बसेना. "असं कसं, तुम्ही पाऊल टाकताच थांबलं होतं की," म्हणाल्या. त्यांनी पुन्हा चहा दिला. मी प्यायलो.

नाना सकाळी सगळ्यांच्या आधी दुकानात. माझा मोडलेला शब्द विसरलेले नाहीत, जेवताना दोनदा निघाला. पण जावयाला माडीवर परत नेऊ देत नाहीत. काल त्यांनी मला आकडे बदलायला लावले. मोजणी लांबवली की आवाज खाली येतो, आखडली की वर चढतो, हे त्यांनी ऐकता ऐकता धरलं, मी मासिक चाळत होतो तोवर. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी मिळून रेडिओतून सहा स्वर काढले. सहावा जरा चढा लागतो म्हणून नाना नाराज आहेत.

२६ फेब्रुवारी

पत्र्याची पेटी करून जावयाला आत बसवला. पेटीची तार जमिनीत पुरली. खरखर बाहेर पडू नये म्हणून रेडिओत करतो तेच सगळं केलं, जे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. जावयाला मोजायला लावून घड्याळवाल्याला त्याचा रेडिओ लावायला सांगितलं, त्याने भिंतीपलीकडून ओरडून सांगितलं, स्वच्छ. शाळेच्या बाईंकडे स्वच्छ. स्वयंपाकघरात स्वच्छ.

मग पेटी नानांपुढे ठेवली, इतर कुठलंही काम ठेवतो तशी. त्यांनी त्यांचा रेडिओ लावला, डोळे मिटले. ही हात पुसत आली. आम्ही दोघं श्वास रोखून उभे.

"नाही," नाना म्हणाले.

"नाना, आता यात काहीच नाहीये!"

"आहे. अगदी बारीक. मोजतोय अजून."

मी रेडिओला कान लावला. डावा लावला, उजवा लावला. हिनेही लावला. ती म्हणाली, "हो, येतंय की."

"मला नाही येत ऐकू."

नानांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. "उद्या त्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ये," म्हणाले. "मी येतो सोबत."

मी पेचकस घेतला आणि पेटीचे स्क्रू काढायला बसलो.